फोनवर चेहरा दिसतो, पण पाठीवर हात कोण फिरवणार? रत्नागिरीच्या रिकाम्या वाड्यांतला एक न मोजलेला प्रश्न

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दोन-चार दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्या रिकाम्या व्हायला लागतात. खेड, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर रोड या स्टेशनांवर आणि एसटी स्टँडवर चाकरमान्यांची गर्दी होते. निघताना प्रत्येक जण घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडतो. आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते, गाल कुरवाळते, कानशिलावर बोटं मोडते. मग रिक्षा वळणाआड जाते आणि घर पुन्हा शांत होतं.

आता असा हात पुन्हा कधी? बहुतेक घरांत उत्तर एकच असतं. शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात.

मधल्या काळात फोन असतो. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता पैसे थेट खात्यात येतात. पूर्वी पत्राची वाट बघायची, आता व्हिडिओ कॉलवर नातवाचा पडलेला दातही दिसतो. आवाज पोहोचतो, चेहरा पोहोचतो, पैसा पोहोचतो. स्पर्श तेवढा पोहोचत नाही.

मग प्रश्न असा, की स्पर्श ही 'मिळाला तर बरं' अशी गोष्ट आहे, की शरीराची खरीखुरी गरज? विज्ञान याबद्दल काय सांगतं? आणि हा प्रश्न रत्नागिरीला जरा जास्तच का लागू होतो? समजून घेऊया.

आधी रत्नागिरीचे आकडे

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार ६९ होती. त्याआधी २००१ मध्ये ती १६ लाख ९६ हजार ७७७ होती. म्हणजे देशाची लोकसंख्या वाढत असताना दहा वर्षांत इथली माणसं जवळपास ८२ हजारांनी कमी झाली.

दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण सर्वाधिक. हा आकडा अनेकदा कौतुकाने सांगितला जातो. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मुलींची संख्या इथेही मुलांपेक्षा कमीच होती. म्हणजे इथे मुली जास्त जन्मल्या असं नाही. पुरुष कमावायला बाहेर पडले, म्हणून बायका जास्त दिसतात.

हे आजचं नाही. विसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्या ज्यांच्या जिवावर चालल्या, त्यांत रत्नागिरीचे कामगार मोठ्या संख्येने होते. गिरणगावातल्या एकेका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि गावी पैसे पाठवायचे. बायको गावी शेत, गुरं, सासू-सासरे आणि मुलं सांभाळायची. नवरा-बायकोची भेट वर्षातून एकदा-दोनदा.

'मनीऑर्डरवर चालणारं कोकण' असं आपण सहज म्हणतो, तेव्हा पैशाबद्दल बोलत असतो. पण त्या व्यवस्थेत नवरा-बायकोचं जवळ असणंही अकरा महिन्यांसाठी बाजूला ठेवलेलं होतं. त्यावर कुणी बोललं नाही, कारण बोलायची सोयच नव्हती. त्या पिढीतल्या ज्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची तरुणपणं नवऱ्याविना गेली आणि आता म्हातारपण मुलांविना चाललंय.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यातून किती घरं बंद आहेत आणि किती घरांत एकच माणूस राहतं हे कळेल. त्या माणसाला शेवटचं कुणी कधी जवळ घेतलं, हे विचारणारा रकाना मात्र कुठल्याच जनगणनेत नसतो.

कातडीला नेमकं काय कळतं?

आपण समजतो की स्पर्श म्हणजे एकच जाणीव. तसं नाही. कातडीत दोन वेगळ्या कामांच्या यंत्रणा आहेत.

पहिली यंत्रणा माहिती देते. वस्तू गरम आहे की गार, खरखरीत की मऊ, खिशात नाणं आहे की किल्ली. हे संदेश फार वेगाने मेंदूपर्यंत जातात. दाब ओळखणाऱ्या रेणूचा शोध लावल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना, आणि उष्णतेची जाणीव कशी होते हे उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना, २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

दुसरी यंत्रणा माया ओळखते. शास्त्रज्ञ तिला 'सी-टॅक्टाइल' तंतू म्हणतात. हे तंतू प्रामुख्याने लव असलेल्या कातडीत असतात, म्हणजे पाठ, दंड, हाताची वरची बाजू, चेहरा. ते संथ आहेत, त्यांचा संदेश सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्याच वेगाने जातो. आणि ते सगळ्यात जास्त जागे होतात ते एका विशिष्ट स्पर्शाने. हात माणसाच्या अंगाइतका ऊबदार हवा, दाब हलका हवा आणि वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर.

आता आजी नातवाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग आठवा. साधारण तोच.

या तंतूंचे संदेश मेंदूच्या ज्या भागाकडे जातात, तो भाग 'काय लागलं' यापेक्षा 'कसं वाटलं' याच्याशी जास्त जोडलेला आहे. ओळखीच्या माणसाच्या प्रेमळ स्पर्शाने ताण वाढवणारं कॉर्टिसॉल कमी होतं आणि अंग सैलावतं, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

म्हातारपणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वय वाढलं की पहिली यंत्रणा मंदावते. सुईत दोरा ओवताना बोटांना पूर्वीसारखं कळत नाही. पण स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की हळुवार स्पर्श सुखद वाटणं वयाबरोबर कमी होत नाही. उलट वयस्कर लोकांनी तो जास्त सुखद असल्याचं सांगितलं. डोळे, कान, गुडघे दगा देतात त्या वयातही मायेचा हात ओळखण्याची ताकद शाबूत असते.

पुरावा किती भक्कम आहे?

स्पर्शाचा सगळ्यात ठोस पुरावा नवजात बाळांकडून येतो.

१९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. यालाच 'कांगारू मदर केअर' म्हणतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर मोठा अभ्यास केला. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. काही बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं गेलं, काहींना आधी यंत्राच्या उबेत स्थिर करून मग. पहिल्या २८ दिवसांतला मृत्युदर पहिल्या गटात १२ टक्के होता, दुसऱ्यात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. छातीशी धरल्यावर बाळाला ऊब मिळते, दूध लवकर मिळतं, जंतुसंसर्ग कमी होतो. त्यामुळे सगळं श्रेय एकट्या स्पर्शाला देता येत नाही. आपल्याकडच्या तेल-मालिशीचंही तसंच. मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नारळाच्या तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन खनिज तेलवाल्या बाळांपेक्षा वेगाने वाढलं. चोळणारा हात दोन्हीकडे होता, फरक तेलाचा होता. कोकणातल्या आज्या खोबरेल हातावर घेऊन बाळ पायांवर आडवं घालतात, त्यात हात आणि तेल दोन्ही कामाला येतात, असं म्हणणं जास्त प्रामाणिक.

मोठ्या माणसांचं काय? एप्रिल २०२४ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जगभरातले २१२ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत जवळपास १३ हजार माणसांची माहिती होती. स्पर्शाने वेदना, चिंता आणि निराशा कमी होतात, हे त्यातून दिसलं. त्यातले तीन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत.

पहिला, मिठी की मालिश याने फार फरक पडत नाही. दुसरा, एकाच वेळी किती मिनिटं यापेक्षा किती वेळा, हे जास्त महत्त्वाचं. तिसरा, यंत्रमानव, उशी किंवा जड पांघरूण यांनी शरीराला आराम मिळतो, पण मनाला जो फायदा होतो तो माणसाच्या हातानेच जास्त.

यातले बरेच अभ्यास श्रीमंत देशांतले आणि थोड्या काळापुरते आहेत. हात फिरवल्याने मधुमेह बरा होत नाही आणि रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. पण गोळी जिथे पोहोचत नाही अशी एक जागा माणसात असते, एवढं हे अभ्यास नक्की सांगतात.

लॉकडाउनने शिकवलेला धडा

याचा अनुभव कोकणाने २०२० मध्ये घेतला. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. मुंबईहून येणाऱ्यांनी १२ ऑगस्टपर्यंत गावात पोहोचायचं आणि १० दिवस विलगीकरणात राहायचं, असा नियम होता. गावाच्या शाळेत किंवा घराच्या वेगळ्या खोलीत मुलगा, आणि पडवीत आई. मध्ये दहा-पंधरा पावलांचं अंतर.

नियम योग्यच होता. म्हाताऱ्या माणसांचा जीव वाचावा म्हणूनच तो होता. पण मुलगा मुंबईत असताना आठवण येणं वेगळं आणि समोर असून जवळ घेता न येणं वेगळं, हे त्या दहा दिवसांत अनेकांना कळलं. साथ संपल्यावर आपण सगळे पहिल्यासारखे वागायला लागलो. त्या घरांत मात्र ते अंतर वर्षाचे दहा-अकरा महिने आजही आहे.

स्पर्श काढून घेणं ही आपल्याकडची जुनी शिक्षा

स्पर्शाची ताकद आपल्या समाजाला कुठल्याही प्रयोगशाळेच्या आधी माहीत होती. म्हणून तर तो काढून घेणं हे माणसाला खाली दाबण्याचं हत्यार झालं. 'शिवू नकोस', 'शिवाशिव', 'विटाळ' हे शब्द मराठीतच आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे. तिथून फार लांब नसलेल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. रत्नागिरी शहरात २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर खुलं झालं. सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून उभं राहिलेलं हे मंदिर सर्व जातींसाठी होतं, आणि तेव्हा ती बातमी होती. पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली.

विधवांचंही असंच. हळदीकुंकू म्हणजे एका बाईने दुसरीच्या कपाळाला लावलेलं बोट. नवरा गेला की ते बोटही बंद. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. त्या ठरावाची चर्चा कुंकू आणि मंगळसूत्रावर झाली. पण एकट्या राहणाऱ्या बाईला वाडीतल्या चारचौघींनी सणाला हाताला धरून आत बसवणं, हाही त्यातला मोठा भाग आहे.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण आजचं आहे. मुलं शहरात असली की घरातल्या अंथरुणावरच्या माणसाचं करायला पगारी बाई किंवा मदतनीस ठेवतात. अंघोळ घालणं, कूस बदलणं, घास भरवणं, सगळं तेच हात करतात. दिवसभरात त्या म्हाताऱ्या देहाला होणारा एकमेव मायेचा स्पर्श बऱ्याचदा त्यांचा असतो. त्या हातांना आपण चहा वेगळ्या कपात देत असू, तर आपण काय घेतोय आणि काय नाकारतोय, हे एकदा स्वतःला विचारायला हवं.

आणि नको असलेला स्पर्श?

स्पर्श चांगला, म्हणून कुणीही कुणालाही हात लावावा, असा याचा अर्थ अजिबात नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपड्यावरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्याखाली लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो फिरवला. कातडीला कातडी लागली की नाही हे गौण, हेतू महत्त्वाचा, असं न्यायालयाने स्पष्ट केलं.

हेच तत्त्व सगळीकडे लागू आहे. स्पर्श उपयोगी ठरतो तो समोरच्याला हवा असेल तेव्हाच. लहान मुलाला पाहुण्यांच्या मांडीवर जबरदस्तीने बसवू नका. म्हाताऱ्या माणसाचीही कूस बदलण्याआधी 'आजी, हात लावू का?' एवढं विचारा. अंथरुणावर पडलं म्हणून माणसाचं अंग सार्वजनिक होत नाही.

मग करायचं काय?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठी देशात २००७ चा कायदा आहे. त्यात देखभाल म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. कायद्याने एवढंच सांगता येतं, मायेचा हुकूम कुठलंच न्यायालय काढू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एकटेपणावर अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो आणि त्याच्याशी वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यू जोडलेले आहेत, असं त्यात म्हटलंय. म्हणजे हा हळव्या मनाचा विषय राहिलेला नाही, आरोग्याचा झालाय.

सगळ्यांनी नोकऱ्या सोडून गावी या, असं सांगणं सोपं आहे आणि निरुपयोगी आहे. रोजगार नाही म्हणूनच लोक गेले. पण आहे त्या परिस्थितीत काही गोष्टी होऊ शकतात.

गावी गेल्यावर नुसतं पाया पडून आणि फोटो काढून थांबू नका. आईच्या डोक्याला तेल लावा, वडिलांची नखं कापा, पायांना खोबरेल चोळा, आजीची वेणी घाला. आपल्याकडे मोठ्या मुलाने आईला मिठी मारायची पद्धत अनेक घरांत नाही, दोघंही अवघडतात. तेल-फणी आणि नखं ही त्यावरची जुनी वाट आहे. काम चाललेलं असतं, म्हणून संकोच होत नाही.

गावात राहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की वर्षातून एकदाच्या दहा दिवसांपेक्षा रोजची पाच मिनिटं मोलाची. शेजारच्या घरातल्या एकट्या बाईला देवळात नेताना हात धरा. वाडीतल्या पोरांना तिच्याकडे पाठवा. बोलता बोलता हातावर हात ठेवला तरी पुरे.

आरोग्य व्यवस्थेत रक्तदाब आणि साखर तपासताना मनगट धरून दोन वाक्यं बोलणं हे कामाचा भाग मानलं जावं. पण आशाताई आणि आरोग्यसेविकांवर आधीच कामाचा ढीग आहे. तो तसाच ठेवून 'आता मायाही करा' म्हणणं हा अन्याय आहे. माणसं वाढवावी लागतील. घरी येऊन म्हाताऱ्यांचं करणाऱ्यांना प्रशिक्षण, नीट पगार आणि मान द्यावा लागेल.

आणि फोन? तो हवाच. ज्या आजीला वर्षभर नातू दिसलाच नसता, तिला तो रोज दिसतो ही छोटी गोष्ट नाही. फक्त फोन झाला म्हणजे सगळं झालं, असा हिशेब करू नका.

पुढच्या वेळी गावावरून निघताना सामान रिक्षात ठेवण्याआधी पाच मिनिटं हातात ठेवा. पायरीवर तिच्या शेजारी बसा. ती पाठीवरून हात फिरवायला लागली की 'उशीर होतोय' म्हणून उठू नका. आणि तिने हात फिरवून झाला की एकदा तुम्ही तिच्या पाठीवरून फिरवा. इतकी वर्षं तो हात एकाच बाजूने फिरतोय.